तिजोरीखालची जमीन

सुपा चौकातून पारनेरचा रस्ता फुटतो, त्या टप्प्यात पुणे–अहिल्यानगर महामार्गाच्या दोन्ही अंगांना गाळ्यांच्या इमारती आहेत. खाली शटरची दुकानं, वर कार्यालयं. शेजारी एमआयडीसी, तिच्यात जपानी उद्योगांसाठी राखलेलं क्षेत्र. पगाराचा, भाड्याचा, कांद्याचा आणि दुधाचा पैसा गावात फिरतो, त्यामुळे बँकांना आणि पतसंस्थांना इथं गिऱ्हाईक आहे. सोनेतारण कर्ज सुरू झालं की स्ट्राँगरूम आलीच. आता समजा, एखाद्या पतसंस्थेला रस्त्यालगतचा तळमजला परवडत नाही म्हणून ती वरचा मजला भाड्याने घेते. संचालक मंडळाच्या बैठकीत चर्चा होते ती कुलपाची, कॅमेऱ्याची, अलार्मची आणि विम्याची. खालच्या स्लॅबचा विषय निघालाच तर कोणीतरी म्हणतं, ‘‘दोन-चार किलो सोनं ठेवायचं, त्याचं असं वजन ते किती?’’

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तरही खरं आहे: सोन्याचं वजन फारसं नाही. घोटाळा दुसरीकडेच आहे.

सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. एक किलो सोन्याचा ठोकळा केला तर त्याची बाजू जेमतेम पावणेचार सेंटीमीटर भरते. रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं मायदेशी आणल्याची बातमी २०२४ मध्ये आली. ते सगळं वितळवून एकच घन केला असता तर त्याची बाजू पावणेदोन मीटरच्या आतच राहिली असती. पण १०० टन हा देशाच्या तिजोरीचा हिशेब झाला. तालुक्याच्या गावातल्या शाखेत तारण पडलेले दागिने पिशव्यांत, पाकिटांत, चिठ्ठ्या लावून ठेवलेले असतात आणि त्यांचं एकूण वजन काउंटरपाशी उभ्या असलेल्या दोन-तीन माणसांएवढं झालं तरी खूप. स्लॅबला त्याची जाणीवही होत नाही.

नोटांचंही तसंच. पाचशेची नोट साधारण एक ग्रॅमची. एक कोटी रुपये म्हणजे वीस हजार नोटा, वीसेक किलो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नव्या करन्सी चेस्टसाठी, म्हणजे बँकांमधल्या नोटांच्या कोठारांसाठी, जे किमान निकष ठरवले, त्यांत स्ट्राँगरूमचं क्षेत्रफळ सर्वसाधारण भागात किमान १५०० चौरस फूट आणि शिल्लक ठेवण्याची मर्यादा १००० कोटी रुपये अशी आहे. एवढी सगळी रक्कम पाचशेच्या नोटांत ठेवली तर वजन वीस टनांच्या आसपास, आणि त्या क्षेत्रफळावर सारखं पसरलं तर चौरस मीटरला दीडशे किलोही नाही. घराच्या स्लॅबलाही आपण याहून जास्त धरून चालतो. पतसंस्थेच्या कार्यालयात खरं जड सामान असतं ते जुनं दप्तर. खतावण्या आणि कर्ज प्रकरणांच्या फायली मांडणीत छतापर्यंत रचल्या की त्या कोपऱ्यात चौरस मीटरला टनाच्या वर भार सहज जातो. सोन्याची काळजी करणारे त्या मांडणीकडे वळूनही बघत नाहीत.

पैशात खरंच जड असतं ते नाणं. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, पाच रुपयांचं ६ ग्रॅमचं. म्हणजे एक कोटी रुपये रुपया-रुपयाच्या नाण्यांत घेतले तर ते जवळजवळ ३८ टन भरतात, पाच-पाचच्या नाण्यांत १२ टन. याच जिल्ह्यात शिर्डीला हा प्रश्न प्रत्यक्ष आला. साईबाबांच्या दानपेटीत पडणारी नाणी ठेवायला जागा उरली नाही म्हणून तिथल्या काही बँकांनी आणखी नाणी घ्यायला नकार दिला, ही २०२३ मधली बातमी बहुतेकांना आठवत असेल. बातमी जागेची होती. इंजिनिअर मात्र ती वाचताना मनात वेगळा हिशेब करतो. पोलादी नाणी पिशव्यांत भरून एकावर एक ठेवली की मधल्या पोकळ्या धरूनही एका घनमीटरचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. स्ट्राँगरूमच्या फरशीसाठी आपल्या मानक संहितेने जो किमान भार सांगितला आहे, तो या नाण्यांची अर्धी वीत उंचीची रास झाली की पुरा होतो. कंबरेएवढ्या थप्पीचं काय होईल, त्याचा अंदाज वाचकानेच करावा.

संहिता म्हणजे आयएस ८७५, भाग दुसरा, १९८७ चा. इमारतीत माणसं, फर्निचर, सामान यांचा जो बदलता भार येतो, तो कुठल्या खोलीसाठी किती धरायचा याचं कोष्टक त्यात आहे. राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो, स्वतंत्र साठवणीची सोय असलेल्या कार्यालयाला २५०, बँकेच्या हॉलला ३००. स्ट्राँगरूमपाशी आल्यावर कोष्टकाची भाषाच बदलते. तिथं प्रत्यक्ष हिशेब करून भार ठरवा, पण काही झालं तरी ५०० किलोच्या खाली येऊ नका, असं म्हटलं आहे. बहुतेक जण त्यातला शेवटचा आकडा उचलतात आणि आधीचं वाक्य सोडून देतात. माझ्या मते सगळं मर्म त्या सोडलेल्या वाक्यात आहे.

कारण हे ५०० किलो खोलीत काय ठेवायचं त्यासाठी आहेत. खोलीचं स्वतःचं वजन वेगळं. आणि स्ट्राँगरूम ही अशी खोली आहे की नाण्यांच्या थप्प्या सोडल्या तर तिच्यात एरवी काहीही ठेवलं तरी ती बहुधा स्वतःच त्याहून जड असते.

हिशेब मांडून बघू. आतून तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच, म्हणजे दहा बाय दहाची खोली. भिंती ३० सेंटीमीटर जाडीच्या आरसीसीच्या, छत आणि तळही तेवढ्याच जाडीचे. सळईचं काँक्रीट घनमीटरला अडीच टन भरतं. चार भिंतींचं वजन तीस टनांच्या जवळ. छताचं पावणेदहा टन, तळाचं तेवढंच. एकूण ४९ टन, आणि यात दार नाही, तिजोरी नाही, लॉकरची कपाटं नाहीत, सोन्याची एक गुंजही नाही. बाहेरून मोजलेल्या तेरा चौरस मीटरच्या चौकोनावर हे वजन वाटलं तर चौरस मीटरला पावणेचार टनांच्या वर जातं. बँकेच्या हॉलसाठी धरलेल्या भाराच्या बारा पट.

आपल्या गाळ्याच्या इमारतीतला स्लॅब साधारण पाच इंचांचा. तो दोन बीममधल्या तीन-साडेतीन मीटरच्या अंतरावर टेकलेला असतो आणि त्याने हॉलसारखा भार पेलावा एवढ्याच बेताने त्यात सळई घातलेली असते. काँक्रीटची भिंत राहू द्या, नऊ इंची विटांची तीन मीटर उंचीची साधी भिंत घेतली तरी तिचं वजन धावत्या मीटरला सुमारे १.४ टन होतं. खाली बीम नसताना ती स्लॅबच्या मधोमध चढवली की स्लॅबच्या खालच्या अंगाला बारीक रेषा दिसू लागतात. तीच भिंत ३० सेंटीमीटरच्या आरसीसीची केली की मीटरला सव्वादोन टन. म्हणून ‘वरच्या मजल्यावर स्ट्राँगरूम चालेल का’ असं विचारणाऱ्याला जाणता सल्लागार आधी ‘भिंतींच्या खाली बीम आहेत का’ असं विचारतो. पुढचा प्रश्न, ‘बीम ज्या कॉलमवर बसलेत त्यांच्या फुटिंगचं ड्रॉइंग आहे का?’ आणि बहुतेक वेळा संभाषण तिथंच थांबतं, कारण ड्रॉइंग घरमालकाकडे नसतं आणि ठेकेदाराकडेही नसतं.

वजन कधी नाहीसं होत नाही, ते फक्त हातबदल करत खाली जातं. भिंतीकडून बीमकडे, बीमकडून कॉलमकडे, कॉलमकडून फुटिंगकडे आणि फुटिंगकडून मुरमाकडे. या साखळीतली एक कडी भक्कम करून भागत नाही. आपल्या उदाहरणातली खोली चार कोपऱ्यांतल्या चार कॉलमवर नेमकी बसली आणि आत दहा टन सामान धरलं तर प्रत्येक कॉलमवर पंधरा टन जादा येतात. वर सुरक्षेसाठी दीडपट धरायचे. दोन-तीन मजली इमारतीच्या कॉलमला हे अशक्य नाही. पण इमारत उभी राहण्याआधी कोणीतरी ते गणितात घेतलेलं असावं लागतं. स्लॅब टाकून झाल्यावरही खालून लोखंडी गर्डर लावता येतो, कॉलमला जॅकेट चढवता येतं. जमिनीत गाडलेलं फुटिंग मोठं करायचं तर चालू दुकानाची फरशी उखडावी लागते. दुकानदार ते करू देत नाही, आणि त्याचंही चुकत नाही.

मजल्यावर चढवलेल्या वजनाचा आणखी एक जाच आहे. भूकंपात इमारतीला बसणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि ते वजन जितकं उंचावर तितका तो खालच्या कॉलमना जास्त नडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं गेली ती बरीचशी दगडमातीच्या भिंतींवर चढवलेल्या जाड मातीच्या माळवदांखाली. उन्हाळ्यात थंडावा देणारी ती माती जमीन हलल्यावर जीवघेणी ठरली. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर एका कोपऱ्यात पन्नास टनांची पेटी ही रचना तर आणखी वाईट, कारण वजन एका बाजूला असल्यामुळे इमारत हलताना पिळलीही जाते.

समजा, हे सगळं निभावलं. स्लॅब तुटला नाही, कॉलम उभे आहेत. तरी एक सावकाश चालणारी गोष्ट उरते. काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं दबत जातं, बाजेची सुतळी रोज झोपून सैल पडावी तसं. हॉलमधली माणसं संध्याकाळी घरी जातात, स्ट्राँगरूम रात्रीही तिथंच असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेत याचं गणित आहे. काँक्रीट २८ दिवसांचं झाल्यावर भार घातला तर पहिल्या दिवशी जेवढं आकुंचन होतं, त्याच्या १.६ पट आणखी पुढच्या काळात होतं. घाई करून सातव्या दिवशीच भार घातला तर हा आकडा २.२, वर्षभर थांबलं तर १.१. ठेकेदार सेंट्रिंग लवकर काढून दुसऱ्या साइटवर न्यायची घाई करतो, त्याची किंमत ही अशी फेडावी लागते.

एरवी एवढं दबणं कोणाच्या लक्षात येत नाही. संहितासुद्धा तीन मीटरच्या गाळ्यात एकूण १२ मिलिमीटरपर्यंत वाक चालवून घेते. घराच्या दिवाणखान्यात फरशी एक सेंटीमीटर बसली तर गोटी घरंगळते, इतकंच. पण स्ट्राँगरूमचं दार जड असतं आणि चौकटीत इतकं नेमकं बसवलेलं असतं की तिथं मिलिमीटरही मोजावे लागतात. तळ एका बाजूला किंचित कलला की चौकट काटकोनातून सुटते. दार सकाळी उघडताना घासतं, बोल्ट भोकासमोर येत नाहीत, किल्ली फिरवायला जोर लागतो. मग कुलपाच्या कंपनीचा माणूस येतो, बिजागरी घासतो, तेल घालतो, बिल करतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. दुखणं खालच्या स्लॅबचं असतं, इलाज मात्र कुलपावर चाललेला असतो.

इथवर फक्त वजन पेलण्याचं झालं. स्ट्राँगरूमच्या तळाला दुसरंही काम असतं: चोराला अडवायचं. लोक खोलीच्या चार भिंती आणि दार मोजतात. छत आणि तळ धरून बाजू सहा आहेत, हे चोरांना जास्त चांगलं ठाऊक असतं.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात चेलेम्ब्रा इथं साउथ मलबार ग्रामीण बँकेची शाखा वरच्या मजल्यावर होती. चोरांनी हॉटेल काढायचं निमित्त करून खालचा गाळा भाड्याने घेतला, शटर ओढून घेतलं आणि २००७ च्या डिसेंबरअखेरीस छताला, म्हणजे बँकेच्या तळाला, भोक पाडून ते वर गेले. ८० किलो सोनं आणि ५० लाखांची रोकड गेली. जे सोनं स्लॅबच्या दृष्टीने एका माणसाएवढं वजन होतं, तेच सोनं त्या स्लॅबमधून खाली उतरलं.

आपल्याकडचं उदाहरण नवी मुंबईतलं. जुईनगरला बँक ऑफ बडोदाची शाखा तळमजल्यावर होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी त्याच रांगेतलं एक दुकान भाड्याने घेऊन तिथून पंचवीस-तीस फूट लांबीचं भुयार खणलं आणि लॉकरच्या खोलीत जमिनीतून वर येऊन तीसेक लॉकर फोडले. दार शाबूत, भिंती शाबूत. तळमजला वजनाच्या दृष्टीने निर्धास्त. पण गाळ्याच्या जोत्यात भरलेला मुरूम आणि वर तीन-चार इंचांचा कोबा एवढाच तळ असेल तर पहारीने तो रात्रीतून फुटतो, आणि आवाज मातीत मुरतो.

म्हणून स्ट्राँगरूमच्या काँक्रीटमध्ये सळई घालण्याची रीत नेहमीच्या स्लॅबहून वेगळी आहे. साध्या स्लॅबमध्ये सळई भाराच्या गरजेप्रमाणे असते: मधल्या भागात खालच्या अंगाला, बीमजवळ वरच्या अंगाला, आणि काटकसरीने. स्ट्राँगरूमच्या सहाही बाजूंना दोन्ही तोंडांशी सळईची जाळी लागते, आणि या दोन जाळ्या एकमेकींसमोर न ठेवता सरकवून बसवतात. पुढच्या जाळीच्या चौकटीत डोकावलं तर मागच्या जाळीची सळई मधोमध दिसली पाहिजे. काँक्रीट फोडलं तरी माणूस आत घुसेल एवढी फट मिळत नाही, दोन्ही जाळ्या एकेक सळई कापून काढाव्या लागतात, आणि तेवढ्यात उजाडतं. साइटवर हे तपासायला फार शिक्षण लागत नाही. काँक्रीट ओतण्याआधी समोर उभं राहून बघायचं. जाळ्या एकाआड एक लपल्या असतील तर मिस्तरीला पुन्हा बांधायला लावायचं, मग तो कितीही कुरकुरला तरी.

आता जमिनीकडे वळू. जड कोठाराचं नशीब शेवटी तीच ठरवते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची तिजोरी रस्त्याच्या पातळीखाली ८० फुटांवर, मॅनहॅटनच्या अखंड खडकावर बसवलेली आहे. तिथं दाराच्या जागी ९० टनांचा पोलादी दंडगोल फिरतो. याउलट बँक ऑफ इंग्लंडची तळघरं लंडनच्या चिकणमातीवर आहेत. तिथं सोन्याचे सहापेक्षा जास्त थर रचत नाहीत, नाहीतर जमीन दबेल, असं बँकच पाहुण्यांना सांगते. सोनं तेच, विटा त्याच, पण एका शहरात थप्पी किती उंच करायची ते खडकाने ठरवलं आणि दुसऱ्या शहरात मातीने.

सुप्याच्या शिवारात ही दोन्ही शहरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर सापडतात. दख्खनच्या पठाराचा हा भाग बेसाल्टचा, आपल्या काळ्या दगडाचा. माळावर खणायला घेतलं तर फूट-दोन फुटांत मुरूम लागतो, त्याखाली मांजऱ्या आणि मग पहार झणझणून परत येते असा काळा पाषाण. पायांच्या जुन्या भारतीय संहितेत अखंड ट्रॅप खडकाची, म्हणजे याच काळ्या पाषाणाची, सुरक्षित धारणक्षमता चौरस मीटरला सुमारे ३३० टन दिली आहे. आपल्या खोलीचा सामानासकटचा भार पाच टनांच्या आत आहे. खडकाला हे वजन किरकोळ, आणि चांगल्या दाबलेल्या मुरमालाही जड नाही. पण तिथून ओढ्याच्या अंगाला उतरलं की काळी माती सुरू होते, आणि तिचा स्वभाव वेगळा. ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. पर्जन्यछायेच्या या मुलखात तर वर्षाचे बरेच महिने ती तडकलेलीच असते आणि मग पावसाच्या चार सरींत सुजते. शेतकऱ्याला उन्हाळ्यातल्या त्या भेगा हात घालून मोजता येतात.

काळ्या मातीवर जड वजन खचतं, एवढंच सर्वसाधारणपणे लोकांना माहीत असतं. प्रत्यक्षात ती वजन उचलतेही. फुगताना तिचा वर येणारा दाब हॉलच्या हलक्या फरशीला सहज उचलतो, तर शेजारची पन्नास टनांची खोली जागची हलत नाही, किंवा एकाच कोपऱ्यात हलते. पागोळीचं पाणी किंवा मोरीचा गळका पाइप जिकडे असेल तिकडची माती ओली, आतली कोरडी. परिणामी भेग पडते ती हॉल आणि स्ट्राँगरूम जिथं जोडल्या आहेत त्या रेषेवर. तिथं सिमेंट भरून काही उपयोग नाही, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते. शहाणपणाचं काम म्हणजे मुळातच दोन्ही फरशा एकमेकींपासून तोडायच्या, मध्ये दबणारा सांधा ठेवायचा आणि ज्या त्या भागाला आपापल्या चालीने हलू द्यायचं.

तळमजल्यावर नव्याने खोली बांधायची असेल तर काम असं चालतं. काळी माती पूर्ण उपसून मुरमापर्यंत जायचं. ती फार खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, हा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी रुळवलेला उपाय. नाहीतर खड्ड्यात मुरूम भरायचा, पण तो ट्रॅक्टरने एकदम लोटायचा नाही. वीतभर थर, पाणी, रोलर, पुन्हा थर. आपल्याकडे जोत्यातली भर बहुधा पावसावर सोडून देतात आणि ‘बसेल आपोआप’ म्हणतात. ती बसतेच, पण फरशी झाल्यावर. भरावावर दगडी सोलिंग, पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, ओल वर चढू नये म्हणून मध्ये पडदा, आणि मग राफ्ट: सगळ्या खोलीखाली एकच जाड, अखंड स्लॅब. भिंतींच्या सळया याच राफ्टमधून वर आलेल्या असतात, म्हणून कोपऱ्यात फोडायला सांधा सापडत नाही. राफ्टखालून ड्रेनेजचा पाइप किंवा केबलचं नळकांडं जाऊ द्यायचं नाही. चोराला आयती वाट नको आणि गळतीने माती भिजायला नको.

राफ्टची एक गंमत अशी की तो उलटा स्लॅब असतो. मजल्यावरच्या स्लॅबला सामान खाली ढकलतं आणि बीम धरून ठेवतात. राफ्टला भिंती कडांवर खाली रेटतात आणि जमीन मधून वर रेटते. त्यामुळे वाक उलटा, आणि मधल्या भागात मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. सवयीने हात खालच्या जाळीकडे जातो आणि जाड सळई तिकडे पडते. ड्रॉइंग साइटवर लावून ठेवण्याचा आग्रह धरायचा तो अशासाठी.

तयार तिजोरी आणून ठेवायची असेल तर प्रश्न छोटा, पण चुकण्याच्या जागा जास्त. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची चांगली तिजोरी टन-सव्वा टनाची असू शकते. तिच्या चार पायांखाली काँक्रीट चिरडत नाही, त्याची ताकद पायांच्या दाबाच्या कित्येक पट असते. फुटते ती टाइल. टाइलखाली मसाला सगळीकडे पसरलेला नसतो, नाण्याने ठोकून बघितलं की पोकळ जागा लगेच बोलते. नेमका तिथं पाय आला की टाइल तडकते आणि तिजोरी केसभर कलते. म्हणून पायांखाली पोलादी पट्टी घालावी, किंवा टाइल काढून सरळ काँक्रीटवर बसवावी, आणि बोल्टने तळाला जखडावी. जागा निवडताना हॉलचा मध्य टाळून कॉलमजवळचा कोपरा घ्यावा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: तिजोरी आपल्या जागेवर पोचायच्या आधी सगळा हॉल ओलांडून येते. हमाल तिच्याखाली पाइप सरकवून, पहारीने रेटत तिला नेतात तेव्हा तो टनभर भार एका वेळी दोन पाइपांवर, स्लॅबच्या अगदी मधोमध येतो. जिन्यात तर विचारायलाच नको. वाटेवर जाड फळ्या अंथरल्या आणि खालच्या गाळ्यात त्या तासापुरते टेकू लावले तर खर्च फारसा येत नाही.

वरचा मजलाच घ्यायचा असा हट्ट असेल तर कारखान्यात तयार केलेले व्हॉल्ट पॅनेल हा पर्याय उरतो. उच्च शक्तीच्या काँक्रीटचे, तंतू मिसळलेले हे पॅनेल पातळ असतात आणि जागेवर आणून जोडतात. जाडी तीस सेंटीमीटरवरून दहावर आली तर वजनही साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. आपल्या खोलीचे पन्नास टन पंधरा-सतरा टनांवर येतील. तेवढेही हॉलच्या स्लॅबला पेलणारे नाहीत. चौरस मीटरला ते सव्वा टनाच्या पुढेच जातात, त्यामुळे बीम लागतातच. ड्रॉइंग नसेल तर बांधकाम बोलतं करायची साधनं आता तालुक्याच्या गावीही येतात: रिबाउंड हॅमर, सळई शोधणारं यंत्र, काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत फोडून बघणं, आणि कॉलमच्या कडेला खड्डा घेऊन फुटिंग किती रुंद आहे ते प्रत्यक्ष मोजणं. हे सगळं भाडेकरार सही होण्याआधी करायचं. करारानंतर स्लॅब अपुरा निघाला तर अनामत अडकलेली असते, नूतनीकरणाची निविदा निघालेली असते, आणि मग सल्लागाराकडून ‘चालतंय’ एवढा एकच शब्द लिहून घेण्याची खटपट सुरू होते.